मासोळीसाठी डॉक्टर शोधताना

माझ्या नणंदेला घरात सगळे मासोळी म्हणतात. नीट चालायला लागायच्या आधी ती पाण्यात हातपाय मारायला लागली, असं सासूबाई सांगतात; त्यात तिखटमीठ किती हे विचारायची कोणाची हिंमत नाही. पोटापाण्याचा उद्योग म्हणतात, तोही तिने अक्षरशः पाण्याचाच निवडला. नगरपालिकेच्या तलावावर ती पोहायला शिकवते. मुलांचे वर्ग ती घेतेच, पण तिची खरी ख्याती आहे ती पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. पन्नाशीचा गृहस्थ काठाचा दांडा घट्ट धरून उभा असला, की ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते आणि पाण्याबद्दल एक शब्द न काढता इकडच्या तिकडच्या गप्पा मारते. गप्पांच्या नादात त्याचा एक हात सुटतो. मग दुसरा. आपण तरंगतोय हे त्याला नंतर कळतं.

त्या वर्षी तिच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. शिडीला आपटले असेन, म्हणाली. मग दात घासताना रक्त यायला लागलं. मग तलावाची एक फेरी मारली की दुसऱ्या टोकाला पोचून ती काठावर डोकं टेकून थांबायला लागली. तिच्याकडे शिकणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी शेवटी तिला सुनावलं, "बाई, तुमचा चेहरा या फरशांच्या रंगाचा झालाय. मी पाण्यात उतरतो तुमच्या भरवशावर. तुम्हीच अशा दिसायला लागलात तर मी काय करू?"

त्यांच्या धाकाने तिने रक्त तपासून घेतलं. लॅबवाल्यांचा त्याच संध्याकाळी फोन आला: रिपोर्ट घ्यायला येऊ नका, सरळ हॉस्पिटलात जा.

हॉस्पिटलातल्या रक्ताच्या डॉक्टरांनी कंबरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासायला काढला आणि दोन दिवसांनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. रक्त म्हणजे नुसतं लाल पाणी नव्हे, एवढं मला ठाऊक होतं. पण तांबड्या पेशी श्वासातली हवा अंगभर पोचवतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजतात आणि प्लेटलेट्स जखम बुजवतात, आणि ही तिन्ही हाडांच्या आतल्या मऊ मगजात रोजच्या रोज नव्याने तयार होतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा धड ऐकलं.

"यांच्या मगजात आता बहुतेक चरबीच उरली आहे," डॉक्टर म्हणाले. "रक्त तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात."

"कॅन्सर आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तो तिथे फार वेळ राहू दिला नाही. कॅन्सर नसला तरी दुखणं साधं नाही, म्हणाले. दुसऱ्याचा चांगला मगज मिळून ट्रान्सप्लांट झालं तर हे कायमचं बरं होऊ शकतं, पण ते काम मी करत नाही, त्याची केंद्रं वेगळी असतात.

मी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसते. तिथे इतकी वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. माणसं विचारतात, गाडी कधी सुटणार. पण ती गाडी तुमच्या गावाला थांबते का, हे आधी विचारायला हवं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या केंद्रांना मी जेवणाच्या सुट्टीत फोन लावले आणि त्याच पद्धतीने चौकशी केली. मोठ्या माणसांचं करता की फक्त लहान मुलांचं? कॅन्सर नसलेल्या रक्ताच्या आजारांचे पेशंट तुमच्याकडे येतात का? ट्रान्सप्लांट झाल्यावर वर्षभराने पेशंटला कोण बघतं? एका ठिकाणी फक्त मुलांचं करत होते. एका ठिकाणी फोन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला आणि शेवटी कँटीनमध्ये जाऊन पोचला. तिथल्या माणसाने मला मनापासून शुभेच्छा दिल्या. तिसऱ्या ठिकाणी सगळ्या प्रश्नांना हो म्हणाले. आम्ही तिथे गेलो.

ते हॉस्पिटल काचेचं होतं. काचेची भिंत, काचेचे जिने, आणि लिफ्टसुद्धा काचेच्या. माझा नवरा, म्हणजे मासोळीचा दादा, लिफ्टचा मिस्त्री आहे. तो आत शिरल्याबरोबर मान वर करून लिफ्टची केबल बघायला लागला. "काम चोख आहे यांचं," म्हणाला. तेवढ्यावर त्याचा हॉस्पिटलवर विश्वास बसला.

तिथले डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, घाई करत नव्हते. त्यांनी भावाबहिणीचं रक्त जुळतं का ते तपासायला घेतलं. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नवऱ्याचं पूर्ण जुळलं.

त्या आठवड्यात माझा नवरा जमिनीवरून चालत नव्हता. एरवी चार शब्द बोलायला नाकी नऊ येतात त्याला, पण तो ज्या ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला गेला तिथल्या पहारेकऱ्यापासून गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना कळलं, की याचा मगज बहिणीशी तंतोतंत जुळतो. मासोळी म्हणाली, "लहानपणी कधी एका गोष्टीवर आमचं जुळलं नाही. बघ, आतून काय निघालं."

ट्रान्सप्लांटची तारीख ठरली. दाखल होण्याआधी डॉक्टरांनी शेवटचं बोलणं करायला बोलावलं, तेव्हा मी माझा उरलेला प्रश्न विचारला. "डॉक्टर, तुम्ही ट्रान्सप्लांट खूप केलीत. पण या आजाराची किती?"

ते म्हणाले, "खरं सांगू? ल्युकेमियाची खूप. अशी थोडी."

मासोळीने विचारलं, "मी पाण्यात परत कधी उतरू शकेन?"

ते हसतील असं मला वाटलं होतं, हसले नाहीत. त्यांनी तिची फाईल पुन्हा मागच्या पानांपर्यंत चाळली. मग म्हणाले, "तारीख आहे तशी ठेवू. पण त्याआधी तुम्ही माझ्या बाईंना भेटून या. मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. तुमचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं ना, तेव्हाच्या रिपोर्टातसुद्धा प्लेटलेट्स कमीच होत्या. म्हणजे हे कित्येक वर्षं हळूहळू खाली येतंय. हा आजार सहसा असा सावकाश येत नाही. मला काहीतरी टोचतंय, आणि काय ते मला सांगता येत नाही. त्यांना सांगता येईल."

आपल्याला कळत नाही हे पेशंटसमोर सांगायला मोठं मन लागतं. तेव्हा मात्र आमच्यापैकी कोणाला त्याचं कौतुक वाटलं नाही. घरी येताना नवरा भडकला होता.

"तारीख मिळाली, माणूस जुळला, आता आणखी एक डॉक्टर कशाला? लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर मी आधी त्याला बाहेर काढतो. मोटर कुठल्या कंपनीची ते मग बघतो."

"आणि केबल न तपासता लिफ्ट परत चालू करतोस का दादा?" मासोळीने शांतपणे विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली.

डॉक्टरबाईंचं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बैठी, जुनी, सरकारी इमारत, लांबच लांब व्हरांडा, आणि भिंतीला लावलेली बाकं, बसून बसून गुळगुळीत झालेली. काच फक्त खिडक्यांना, तीही सगळ्या खिडक्यांना नव्हे. नवऱ्याने वर बघितलं, लिफ्टच नव्हती. त्याचं तोंड आणखी उतरलं.

तिथे पेशंटचं नाव पुकारायला शिपाई नव्हता. बाई स्वतः दारापर्यंत यायच्या, नाव घ्यायच्या आणि माणूस बाकावरून उठून दारापर्यंत कसा चालत येतो ते बघत उभ्या राहायच्या. साठीच्या आसपास वय, ठेंगणा बांधा, चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला, पायात कापडी बूट. मासोळी आत गेली तेव्हा त्यांनी आधी तिचा हात हातात घेतला. मला वाटलं धीर द्यायला घेतला असेल. त्या तिची नखं बघत होत्या.

"ही अशी कधीपासून?"

नखांवर उभ्या रेघा होत्या आणि कडा पातळ होऊन तुटलेल्या. "क्लोरीनमुळे," मासोळी म्हणाली. "रोज पाण्यात असते."

"तुमच्याबरोबर शिकवणाऱ्या इतरांची अशी आहेत?"

 तिने कधी बघितलं नव्हतं. बाईंनी तिला जीभ बाहेर काढायला सांगितली, कडेचा एक पांढरा चट्टा टॉर्च लावून बघितला आणि मग चष्मा उतरवून तिच्या डोक्याकडे पाहिलं.

"केस रंगवता?"

मासोळी कानापर्यंत लाल झाली, आणि तेव्हा तिच्या अंगात जेवढं रक्त होतं ते बघता ही मोठीच गोष्ट होती. "विशीपासून," ती पुटपुटली. इतकी वर्षं एका घरात वावरून मला याचा पत्ता नव्हता. मी तिच्याकडे बघितलं तशी तिने नजर चुकवली.

आता बाईंची नजर माझ्या नवऱ्यावर गेली. त्याचं डोकं कापसासारखं पांढरं आहे. लग्न ठरलं तेव्हाही अर्ध्याहून जास्त पांढरं होतं; माझ्या मैत्रिणींनी मला त्यावरून कमी छळलं नाही.

"आमच्याकडे ते खानदानीच आहे," तो जरा ऐटीत म्हणाला. "वडिलांचे तर पंचविशीतच पिकले होते."

"वडील कशाने गेले?"

"खोकल्याने. फर्निचरच्या कारखान्यात होते. लाकडाचा भुसा छातीत बसला, असं डॉक्टर म्हणाले."

"त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आणखी कोणाला तसं झालं?"

हे उत्तर सासूबाईंनी दिलं. "नाही हो. बाकीचे अजून हिंडतायत."

"त्यांना भाऊबहीण?"

"एक बहीण होती. लिव्हर खराब होऊन गेली. लोक नाही नाही ते बोलले. तिने जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता."

बाईंनी पेन खाली ठेवलं.  "मला काय वाटतंय ते सांगते," त्या म्हणाल्या. "पण हे अजून सिद्ध झालेलं नाही, एवढं लक्षात ठेवून ऐका."

मग त्या सासूबाईंकडे वळल्या. सासूबाई कपडे शिवतात, हे बोलता बोलता निघालं होतं. "आपल्या प्रत्येक पेशीत बारीक धागे असतात. आपली सगळी घडण त्या धाग्यांत असते. धाग्याच्या टोकाला थोडा भाग जादा असतो, टोक उसवू नये म्हणून. एका पेशीच्या दोन झाल्या, की तो भाग जरासा झिजतो."

"म्हणजे शिलाईत सोडतो तशी मार्जिन," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तशीच. ती सगळ्यांचीच झिजते, माझीही झिजली आहे. पण तुमच्या यजमानांच्या घरात ती जन्मापासूनच कमी असावी असा मला संशय आहे. जिथे नव्या पेशी सतत तयार व्हाव्या लागतात तिथे ती आधी संपते. केसांच्या मुळाशी, नखांत, जिभेवर, हाडांच्या मगजात. कोणाच्या फुफ्फुसात, कोणाच्या लिव्हरमध्ये."

सासूबाई बराच वेळ हातातल्या रुमालाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कापड फार चांगलं होतं हो त्यांचं. मार्जिनच कमी पडली."

बाईंनी पुढे जे सांगितलं ते त्यांनी माझ्या नवऱ्याकडे तोंड करून सांगितलं, दुसऱ्या कोणाच्या आडून नाही. हा आजार निघाला तर दोन गोष्टी बदलतात. ट्रान्सप्लांटच्या आधी जुना मगज पुसून टाकायला जी जोराची औषधं देतात, ती या घरातल्या फुफ्फुसांना आणि लिव्हरला झेपणार नाहीत. ती बेतानेच द्यायला हवीत. आणि दुसरं, भावाचा मगज जुळला असला तरी त्याच्यातही हाच दोष असू शकतो. तपासणी होईपर्यंत त्याचा वापरायचा नाही.

 खुर्चीच्या हातावरची नवऱ्याची बोटं मी बघितली. त्याच्याही नखांवर रेघा होत्या. ग्रीस आणि लोखंडात काम करणाऱ्याची नखं अशीच असणार, असं मी आजवर धरून चालले होते.

काचेच्या हॉस्पिटलातली तारीख आम्ही सोडली. तपासणीचा निकाल यायला काही आठवडे लागणार होते, आणि तोवर मासोळीला दर थोड्या दिवसांनी रक्त आणि प्लेटलेट्स चढवाव्या लागत. त्यासाठी एक लांबट खोली होती, दोन्ही बाजूंना मागे रेलायच्या खुर्च्या. एकदा तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, पहिल्यांदाच आलेले. नर्सने शिरेला हात लावला की ते हात मागे घेत. मासोळीच्या एका हाताला सुई होती. तिने दुसरा हात त्यांच्या खुर्चीवर ठेवला आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही बुवा. पाण्याची भीती वाटते."

"मग आपलं जमेल," ती म्हणाली, आणि श्वास नाकाने कसा घ्यायचा, तोंडाने हळू कसा सोडायचा, सोडताना खांदे कसे ढिले करायचे, ते दाखवायला लागली. तिसऱ्या श्वासाला नर्सने सुई टोचली. आजोबांना कळलं तेव्हा रक्त ठिबकायला लागलं होतं. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी मासोळीला विचारलं, तुमची हरकत नसेल तर नवे पेशंट तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसवू का. तेव्हापासून ती खुर्ची कधी रिकामी राहिली नाही.

निकाल आला तेव्हा बाईंनी आम्हा सगळ्यांना एकत्र बोलावलं. मासोळीच्या बाबतीत त्यांचा संशय खरा निघाला. दादाच्याही.

नवरा उठून बाहेर गेला. मी मागे जायला निघाले तर बाईंनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः गेल्या. व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर तो बसला होता. त्या त्याच्या शेजारी बसल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"म्हणजे मी तिला माझंच दुखणं दिलं असतं," नवरा म्हणाला.

"दिलं असतं. पण दिलं नाहीत."

"मी सगळ्या जगाला सांगत सुटलो होतो."

"सांगायलाच हवं होतं. तुम्ही द्यायला तयार होतात, ते काही खोटं ठरलं नाही."  मग त्या म्हणाल्या, "सिगारेट ओढता?"

"ओढतो."

"आजपासून नाही ओढायची. तुमच्या वडिलांची छाती कोणी वेळेवर तपासली नाही. तुमची मी दरवर्षी तपासणार आहे. तुम्ही कंटाळलात तरी."

त्याने खिशातलं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. शाळेत बाईंनी गोटी जप्त करावी तसं त्यांनी ते कोटाच्या खिशात टाकलं.

माझं लक्ष मात्र निकाल ऐकल्यापासून घराकडे लागलं होतं. आमची मुलगी दहा वर्षांची आहे. बाई आत आल्यावर मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुमच्या लेकीचं. निम्मी शक्यता आहे की नसेल. तपासून घेऊ. आणि निघालं, तरी आजच्या आज काही होत नसतं. नुसतं लक्ष ठेवायचं असतं. हे तुम्ही आज झोपायच्या आधी दोनदा स्वतःला सांगा." मुलीची तपासणी झाली. तिच्यात तो दोष नव्हता. निकाल ऐकून मी व्हरांड्यातल्या नळाखाली तोंड धुतलं आणि बराच वेळ धूतच राहिले.

आता मासोळीसाठी परका माणूस शोधायचा होता. जगभर लोक आपली नावं नोंदवून ठेवतात, गालाच्या आतून कापसाच्या काडीवर नमुना देतात आणि विसरून जातात. त्यांच्यातलं कोणी जुळतंय का हे बघायचं असतं. शोधाला वेळ लागला. एक माणूस जुळला, पण ऐनवेळी आजारी पडला. त्या दिवशी मासोळी पहिल्यांदा रडली. आम्ही तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, त्यामुळे काय करायचं कोणालाच कळेना. सासूबाईंनी तिच्या सगळ्या पायजम्यांच्या नाड्या बदलून टाकल्या. मग आणखी एक जुळला. पंचविशीतला तरुण, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. नाव नाही, गाव नाही, देशसुद्धा नाही.

ट्रान्सप्लांट बाईंच्याच हॉस्पिटलात झालं. काचेच्या हॉस्पिटलातले तरुण डॉक्टर त्या दिवशी आपलं काम बाजूला ठेवून आले होते. औषधं किती बेताने दिली, का दिली, हे बाई त्यांना समजावत होत्या आणि ते विद्यार्थ्यासारखे मान खाली घालून लिहून घेत होते. बाईंनी सगळ्या नर्सेसच्या देखत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "याला शंका आली म्हणून ही मुलगी माझ्यापर्यंत पोचली," म्हणाल्या. "मी फक्त नखं बघितली." तेव्हा कुठे आम्हाला त्या माणसाचे आभार मानायचं सुचलं. नवऱ्याने त्यांचा हात इतका वेळ हलवला की बाईंना सोडवावा लागला.

मी मनात काय काय कल्पना केल्या होत्या. मोठी खोली, यंत्रं, चिरफाड. प्रत्यक्षात एक पिशवी आली, गडद लाल, साध्या रक्ताच्या पिशवीसारखीच, आणि खांबाला टांगली गेली. थेंब थेंब आत जायला लागले. ते शिरेतून गेले तरी हाडांपर्यंतची वाट त्यांच्यातल्या पेशी स्वतःच शोधतात, असं बाईंनी सांगितलं. मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच," त्या म्हणाल्या. "अवघड ते आता पुढे आहे."

आणि होतंच. दोन दारांच्या आडच्या त्या खोलीत आम्ही एकेकटे, हात कोपरापर्यंत धुऊन, तोंडाला मास्क बांधून जायचो. केस गेले. तोंडात फोड आले, पाण्याचा घोट गिळवेना. मग ताप आला आणि छाती भरली. एक्स-रे बघून बाईंचा चेहरा बदललेला मी बघितला. घाबरू का, असं मी त्यांना सरळ विचारलं. "मी घाबरले आहे," त्या म्हणाल्या. "पण काय करायचं ते मला माहीत आहे, आणि ते मी करते आहे. तुम्ही तिच्या शेजारी बसा." त्या उत्तराने मला जेवढा आधार दिला तेवढा कुठल्या गोड बोलण्याने दिला नसता. त्या दिवसांत बाई घरी गेल्या की नाही, मला माहीत नाही. सकाळी असायच्या, संध्याकाळी असायच्या, बूट तेच.

मासोळीला ऑक्सिजनचा मास्क लावला होता. बोलता येत नव्हतं. मी तिचा हात धरून बसले होते आणि माझाच श्वास लागला होता. तिने माझ्या मनगटावर बोटाने हळूच ठोके द्यायला सुरुवात केली. घे. सोड. घे. सोड. एवढ्या तापात ती मला श्वास घ्यायला शिकवत होती.

औषध लागू पडलं. छाती हळूहळू मोकळी झाली. मग एका सकाळी बाई आत आल्या आणि मासोळीच्या पायथ्याशी पलंगावरच बसल्या, जे त्या कधी करत नसत. "पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या," म्हणाल्या. "थोड्याच आहेत. पण तुमच्या जुन्या नाहीत. त्या मुलाच्या आहेत."

मासोळीने घोगऱ्या आवाजात विचारलं, "त्याला पोहता येत असेल का हो?"

"नसेल तर तुम्ही आता शिकवा," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावरही महिनोन्‌महिने जपणूक होती. गर्दी नाही, बाहेरचं खाणं नाही, तलाव तर नाहीच. कातडीवर पुरळ उठलं, एकदा पुन्हा दाखल व्हावं लागलं. प्रत्येक वेळी बाई आपल्या दारात उभ्या राहून ती कशी चालत येते ते बघायच्या. एके दिवशी त्यांनी तिला अर्ध्या व्हरांड्यातून परत पाठवलं, पुन्हा चालत यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आज मला आत बोलवायची गरज वाटत नाही. पण आलाच आहात तर या." रक्त चढवणं थांबलं. पायांवरचे डाग गेले. केस परत आले ते पांढरेच आले, आणि तिने ते रंगवले नाहीत. आता भाऊबहीण शेजारी शेजारी उभे राहिले की लांबून कळतं.

बाईंनी पाण्यात उतरायची परवानगी दिली तेव्हा पोस्टमास्तर आणि त्यांची अख्खी तुकडी काठावर हजर होती. मासोळी शिडी उतरून गेली, पाण्यावर आडवी झाली आणि सावकाश पलीकडे गेली. तिथे डोकं टेकून थांबली नाही; वळली आणि परत आली. सासूबाई पूर्ण वेळ पाठ करून बसल्या होत्या. "झालं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी मगजदानासाठी नाव नोंदवायला गेले, तर तिथल्या मुलीने माझं वय बघून गोड हसून नकार दिला. नवरा त्यावर आठवडाभर खूश होता. घरात नाकारलेला तो एकटा राहिला नाही ना. पण माझ्यामुळे नाही तर मासोळीमुळे तलावावरच्या पुष्कळ तरुण पोरापोरींनी गालातून काडी फिरवून घेतली. त्यांच्यातल्या एकीला गेल्या महिन्यात फोन आला, तुमचं कोणाशी तरी जुळतंय. ती बेकरीत काम करते, पाणी गार आहे म्हणून रोज तक्रार करते, आणि आठवडाभर कुरकुरत का होईना, मगज द्यायला गेली. कोणाला दिलं ते तिला सांगितलं नाही. चार दिवस कंबर दुखली, म्हणते. मासोळीने तिला वर्गाच्या वेळी काठावर बसवून ठेवलं आणि तिच्या पाठीमागे उशी दिली. बाकीचे पोहत होते, ती तिथूनच सगळ्यांच्या चुका काढत होती.